सतलजच्या काठी कीरतपूर

पंजाबचे विस्तीर्ण मैदान जेथे संपते आणि शिवालिकच्या टेकड्या जेथे डोके वर काढू लागतात, त्या सीमेवर सतलजच्या डाव्या तीरावर कीरतपूर साहिब हे लहानसे गाव वसले आहे. ईश्वराची कीर्ती जेथे गायिली जाते ते गाव, असा त्याच्या नावाचा अर्थ. परंतु या गावाची वाट धरणारे अनेक जण कीर्ती गाण्याच्या मनःस्थितीत नसतात. कापडाची एक लहानशी पिशवी छातीशी धरून ते येतात आणि रिकाम्या हातांनी परत जातात. शीख कुटुंबांत माणूस गेले की त्याची रक्षा आणि अस्थी, ज्यांना तेथे 'फूल' म्हणतात, पुष्कळदा येथील पाताळपुरी गुरुद्वाराच्या काठावर सतलजच्या स्वाधीन केल्या जातात. परदेशांत स्थायिक झालेली कुटुंबेही त्यासाठी समुद्र ओलांडून येथे येतात.

गेल्या डिसेंबरात मला हे गाव पाहण्याचा योग आला. योग म्हणावा की नाही, हा प्रश्नच आहे. आमच्या मासिकाच्या पंजाबी आवृत्तीचे काम पाहणारे एक वयोवृद्ध सहकारी दिल्लीत आमच्या शेजारीच राहतात. त्यांचा सव्वीस वर्षांचा एकुलता मुलगा आठ दिवसांच्या तापाने गेला. अस्थी घेऊन निघताना त्यांच्या पत्नीने, ज्यांना आम्ही सगळे बीजी म्हणतो, माझा हात धरला आणि "तू चल," एवढेच म्हटले. पुतण्या गाडी चालविणार होता. मी अंगावर शाल घेतली आणि निघाले.

सरदारसाहेब मला ताई म्हणतात. पंजाबीत ताई म्हणजे थोरल्या काकांची बायको. आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या बाईला काकू म्हणण्यात त्यांना नेहमी मौज वाटे. त्या दिवशी ती हाक मारतानाही त्यांचा आवाज ओळखीचा वाटेना.

दिल्लीहून कीरतपूर सुमारे ३०० किलोमीटर आहे. पहाटे धुके इतके दाट होते की पुढच्या ट्रकचा लाल दिवा हीच काय ती वाट. अंबाला मागे पडल्यावर ऊन आले आणि दोन्ही बाजूंना गव्हाची कोवळी हिरवळ, मधूनच मोहरीचे पिवळे तुकडे आणि गुऱ्हाळांचा धूर दिसू लागला. रस्त्याच्या कडेला जागोजाग कापडी मांडव घातलेले होते. तरुण मुले गाड्या थांबवून चहा आणि डाळ-रोटी घेण्याचा आग्रह करीत होती. पंजाबात डिसेंबरचा उत्तरार्ध हा गुरू गोविंदसिंहांच्या चार पुत्रांच्या बलिदानाच्या स्मरणाचा काळ. या दिवसांत अनेक घरांत मंगलकार्य करीत नाहीत. काही जण तर थंडीतही जमिनीवर निजतात.

रूपनगर सोडून पुढे गेले की सरसा नावाची एक लहान नदी लागते. ती पुढे सतलजला मिळते. डिसेंबर १७०४ मध्ये (काही अभ्यासक १७०५ मानतात) आनंदपूरचा किल्ला सोडून निघालेले गुरू गोविंदसिंह आपल्या परिवारासह आणि शिष्यांसह या नदीपाशी आले. मागे शत्रू, पुढे पूर, आणि रात्र थंडीची. त्या धांदलीत कुटुंबाची ताटातूट झाली ती कायमची. दोन थोरले पुत्र वडिलांबरोबर राहिले आणि चमकौरच्या लढाईत पडले. दोन धाकटे आजीसह, माता गुजरींसह, सरहिंदच्या सुभेदाराच्या हाती लागले. त्यांचा तेथे वध झाला आणि आजीनेही तेथेच प्राण सोडला. ताटातूट झाली त्या जागी आज एका उंचवट्यावर गुरुद्वारा आहे. त्याचे नाव 'परिवार विछोडा'. एखाद्या तीर्थाला वियोगाचेच नाव असावे, हे मी प्रथमच पाहत होते.

ज्यांचे सारे घर या नदीकाठी विखुरले, त्यांनी चार वर्षांच्या आत, १७०८ मध्ये, आमच्या गोदावरीच्या काठी नांदेडला देह ठेवला. नांदेडचा हजूर साहिब मी लहानपणी पाहिला होता. तेथील झगमगाट आणि कडाह प्रसादाची गोड चव तेवढी आठवते. त्या मंदिरात विसावलेला पुरुष कोणते दुःख उरात घेऊन दक्षिणेकडे आला होता, ते मला येथे, सरसेच्या वाळूत उभे राहिल्यावर कळले.

"चार मुलगे," सरदारसाहेब म्हणाले. "आणि त्यांनी म्हटले, भाणा. माझा एकच गेला, आणि मला तो शब्द उच्चारवत नाही."

भाणा हा शब्द शीख धर्मविचाराच्या अगदी गाभ्याचा आहे. त्याला जोडून हुकूम आणि रजा हे शब्द येतात. परंतु हुकमात आज्ञा आहे, रजेत संमती आहे, भाण्यात मात्र आणखी काही आहे. आमच्या व्यवसायामुळे या शब्दावर आमची पूर्वी पुष्कळ चर्चा झाली होती. मी मराठीत 'ईश्वरेच्छा' लिहिले की ते मान हलवीत. 'दैव' तर त्यांना मुळीच चालत नसे. दैव आंधळे असते, भाणा आंधळा नाही, असे ते म्हणत. एकदा मी म्हटले होते की आमच्याकडे 'भावणे' असे क्रियापद आहे, मनाला रुचणे या अर्थी. त्यावर ते खुर्चीवरून उठलेच होते. "तोच, ताई, तोच! भाणा म्हणजे जे त्याला भावले ते." शब्दाचे नाते सापडल्याचा तो आनंद आम्ही त्या दिवशी चहा मागवून साजरा केला होता.

आता गाडीत मागे वळून न पाहता ते म्हणाले, "तुमच्या त्या शब्दाने माझा घात केला. इच्छा म्हटले असते तर निभावून नेले असते. राजाची इच्छा असते, तिला कारणे असतात. पण भावले? माझा मुलगा आठ दिवस तापाने तळमळला, हे कोणाला तरी भावले? असा जो कोणी असेल, त्याच्यापुढे मी रोज पहाटे चाळीस वर्षे कशासाठी बसलो?"

गाडीत कोणी बोलले नाही. बीजींच्या मांडीवर ती पिशवी होती आणि पिशवीखाली लाल रुमालात गुंडाळलेला त्यांचा गुटका, नित्यपाठाची पोथी. मुलगा गेल्यापासून सरदारसाहेबांनी तिला हात लावला नव्हता. बीजींनी ती न विचारता बरोबर घेतली होती.

कीरतपूर गुरू हरगोविंदांनी वसविले. कहलूरच्या राजाकडून ही जागा मिळाली आणि त्यांचे थोरले पुत्र बाबा गुरदित्ता यांनी वसाहतीचे काम पाहिले. सहाव्या गुरूंच्या आयुष्याची शेवटची वर्षे येथे गेली. १६४४ मध्ये ते येथेच निवर्तले. सातवे गुरू हरराय आणि आठवे गुरू हरकृष्ण दोघेही येथे जन्मले. हररायांची एक कथा येथे घरोघरी सांगतात. बालपणी बागेतून जाताना त्यांच्या घोळदार अंगरख्याचा फटका लागून काही फुले गळून पडली आणि ते रडू लागले. आजोबा म्हणाले, अंगरखा मोठा असेल तर सावरून चालावे. पुढे आयुष्यभर ते वस्त्र आवरून चालत. त्यांनी बागेबरोबर औषधालयही चालविले.

आणि हरकृष्ण? ते तर गुरू झाले तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. १६६४ मध्ये दिल्लीत रोगाची साथ असताना त्यांनी आजाऱ्यांची सेवा केली आणि स्वतः देवीच्या आजाराने गेले. तेव्हा आठ वर्षेही पुरी झालेली नव्हती. ते जेथे उतरले होते तेथे आज बंगला साहिब उभा आहे. शिखांच्या रोजच्या अरदाशीत, म्हणजे उभे राहून करावयाच्या प्रार्थनेत, या बालगुरूचे स्मरण दुःखहर्ता म्हणून केले जाते. ज्याने लोकांचे दुःख हरावे, तो स्वतः तापाने जळत गेला, ही विसंगती त्या प्रार्थनेने झाकलेली नाही. मला वाटते, ती तेथे रोज उभी असते. आपले घर जळेपर्यंत आपल्याला दिसत नाही, इतकेच.

पाताळपुरीला पोहोचलो तेव्हा दुपार कलू लागली होती. पांढऱ्या शुभ्र गुरुद्वाऱ्यात मत्था टेकून आम्ही काठाकडे निघालो. बीजी आणि पुतण्या पुढे गेले. सरदारसाहेब कठड्यापाशी थांबले. "हे सारे गुरुमताला धरून नाहीच," ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीने १९४५ मध्ये मान्य केलेल्या 'सिख रहत मर्यादे'त मृत्यूसंबंधीचे नियम स्पष्ट आहेत. ऊर बडवून आक्रोश करू नये. दिवा, पिंड, श्राद्ध करू नये. दहनाच्या जागी स्मारक उभारू नये. रक्षा कोणत्याही वाहत्या पाण्यात सोडावी अथवा तेथेच पुरून जमीन सारखी करावी. फुले वेचून गंगेला किंवा पाताळपुरीला नेणे हे मनमत होय, म्हणजे गुरूंच्या शिकवणुकीबाहेरचे. नियमात या गावाचे नाव घेऊन हे सांगितलेले आहे, आणि तरीही लोक येत आहेत.

"मग का आलात?" मी विचारले.

"तिला यायचे होते." थोडे थांबून ते म्हणाले, "आणि नियम पाळून तरी काय झाले?"

सतलज तेथे संथ वाहते. वर नांगल आणि भाक्रा येथे माणसाने तिला अडविले आहे. २२ ऑक्टोबर १९६३ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या भाक्रा धरणामागे पावसाळ्याचे पाणी साठते आणि कालव्यांनी पंजाब, हरियाणा व राजस्थानच्या शेतांत पोहोचते. जी नदी उभ्या उत्तर भारताचे अन्न पिकविते, तिच्याच पाण्यात आम्ही एक मूठभर राख सोडणार होतो.

ग्रंथींनी अरदास केली. बीजी पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेल्या. पिशवी उलटी करताना त्यांचा हात क्षणभरही कापला नाही. राख पाण्यावर पसरली, एक करडा पट्टा तयार झाला, आणि मग तो नाहीसा झाला. सरदारसाहेब पायऱ्या उतरले नव्हते. बीजी वर आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"गाडीत तुम्ही जे म्हणालात ते मी ऐकले," त्या म्हणाल्या. "त्याला भावले असेल. मला नाही भावले. तेच त्याला सांगायला मी इथवर आले. घरात बसून सांगितले असते तर ते भिंतींना सांगितल्यासारखे झाले असते."

"मग भाणा मानला नाहीस तू?"

"मानला म्हणजे काय, आवडला? गेला तो गेला, हे मी मानले. माझ्या हातांनी सोडून आले. पण आवडले असे मी म्हणणार नाही, आणि त्यानेही माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नये."

मी त्यांच्या आवाजातील निश्चयाने चकित झाले. ज्या स्त्रीला मी आजवर केवळ सश्रद्ध समजत होते, ती ईश्वराशी बरोबरीच्या नात्याने बोलत होती.

रात्री आम्ही तेथील सराईत उतरलो. निजण्यापूर्वी सोहिला हा पाठ म्हणतात. तोच पाठ चितेला अग्नी दिल्यानंतरही म्हटला जातो. म्हणजे प्रत्येक शीख रोज रात्री अंथरुणावर पडताना आपल्याच अंत्यविधीची उजळणी करीत असतो. त्यात मरणाला लग्नाच्या मुहूर्ताची उपमा आहे. बीजी हलक्या आवाजात तो म्हणत होत्या. येत्या वैशाखात मुलाचे लग्न करावयाचे त्यांच्या मनात होते. त्या ठिकाणी त्यांचा आवाज थांबला, आणि पुन्हा तेथूनच सुरू झाला. सरदारसाहेब भिंतीकडे तोंड करून पडले होते. ते जागे होते हे मला माहीत होते.

सकाळी पुतण्या गाडीचे काही काम करून घेत होता, म्हणून आम्ही बाबा गुरदित्तांच्या टेकडीवर गेलो. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण वर पोहोचल्यावर सतलजचे सारे खोरे पायांखाली पसरते. जवळच्याच टेकडीवर पीर बुढ्ढण शाह या मुसलमान फकिराचा दर्गा आहे. त्याची आणि नानकदेवांची भेट झाल्याची कथा आहे, आणि गुरुद्वाऱ्याला येणारे तेथेही माथा टेकतात.

गुरदित्तांच्या मृत्यूची परंपरेने सांगितलेली कथा अशी: शिकारीत एका सोबत्याच्या हातून चुकून गाय मारली गेली. गुरांचा मालक रडू लागला तेव्हा गुरदित्तांनी ती गाय जिवंत केली. वडिलांना, गुरू हरगोविंदांना, हे समजले तेव्हा त्यांनी मुलाला दोष दिला. मेलेले उठवू लागलास तर उद्या प्रत्येक जण आपले मृत दाराशी आणील. मग कोणाला परत पाठविशील? पुत्राने हे मनाला लावून घेतले आणि १६३८ मध्ये देह ठेवला. याच्या दहा वर्षे आधी अमृतसरला त्यांचा धाकटा भाऊ अटल राय, वय अवघे नऊ, याच कारणाने गेला होता. त्याने सर्पदंशाने मेलेल्या खेळगड्याला उठविले होते. बाबा अटलचा नऊ मजली मनोरा त्याच्या नऊ वर्षांचे स्मरण म्हणून उभा आहे.

"ही गोष्ट मी मुलाला सांगत असे," सरदारसाहेब म्हणाले. "तो विचारी, पापाजी, गुरूंनी स्वतःच्या मुलांना का उठविले नाही? मी सांगे, न्याय सर्वांना सारखा असतो. उत्तर बरोबर आहे, ताई. आजही मला त्यात चूक सापडत नाही. फक्त रात्री वाटते, एकच अपवाद केला असता तर काय बिघडले असते?"

यावर काय उत्तर द्यावे? मी उत्तर दिले नाही. पण एक आठवण मी त्यांना दिली, जी त्यांनीच मला एकदा शिकविली होती. १५२१ च्या सुमारास बाबराच्या सैन्याने सैदपूर लुटले. हे सैदपूर म्हणजे आजचे पाकिस्तानातील ऐमनाबाद. त्या अत्याचारावर नानकदेवांनी रचलेली पदे 'बाबरवाणी' म्हणून ओळखली जातात. लोक एवढे आक्रंदत असताना त्या कर्त्याला कणव कशी आली नाही, असा प्रश्न त्यांत सरळ ईश्वरालाच केलेला आहे. तो प्रश्न कोणी काढून टाकला नाही. भाण्याची शिकवण देणाऱ्या ग्रंथात, त्याच रुमाल्याखाली, तो आहे. त्याच्यापुढेही मत्था टेकला जातो. आणि सरसेच्या वियोगानंतर गुरू गोविंदसिंह माछीवाड्याच्या रानात एकटे असताना त्यांनी रचले असे परंपरा मानते ते पद म्हणजे मित्राला कळविलेले हालच आहेत. बीजींनी काठावर जे केले ते याहून निराळे होते काय?

ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "तुमच्या नामदेवांनीही विठ्ठलाशी भांडण केले होते ना?"

"पुष्कळ," मी म्हटले. ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांनी उत्तरायुष्य पंजाबात घुमान येथे घालविले असे सांगतात. ज्ञानदेवांनी समाधी घेतली तेव्हा नामदेवांनी केलेला विलाप मराठी माणसाच्या परिचयाचा आहे.

"भांडून मग पंढरपूर सोडले?"

"गाव सोडले. विठ्ठलाला सोडले नाही."

"हं," एवढेच ते म्हणाले, आणि आम्ही पायऱ्या उतरू लागलो.

या प्रवासाने त्यांची श्रद्धा परत आली, असे मी लिहिले तर ते खोटे होईल. श्रद्धा ही काही नदीकाठी विसरलेली छत्री नव्हे, की पुन्हा गेलो आणि घेऊन आलो. परतीच्या वाटेवर त्यांनी गुटका उघडला नाही. रूपनगरच्या पुढे एका मांडवापाशी मुलांनी गाडी थांबविली. चौदा-पंधरा वर्षांच्या एका पोराने खिडकीतून चहाचे पेले पुढे केले. सरदारसाहेबांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, चहा घेतला, आणि रिकामा पेला परत देण्याऐवजी दार उघडून खाली उतरले. मांडवामागे उष्ट्या पेल्यांचा ढीग होता आणि गार पाण्याची दोन घमेली. त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या, लोखंडी कडे कोपराकडे सरकविले आणि त्या मुलांच्या ओळीत उकिडवे बसून ते पेले घासू लागले.

आम्ही गाडीतून पाहत राहिलो. पुतण्या उतरू लागला तेव्हा बीजींनी त्याला हाताने थांबविले.

अर्ध्या तासाने ते परत आले. थंड पाण्याने बोटे लाल झाली होती. बीजींनी आपल्या ओढणीच्या पदराने ती पुसली आणि म्हटले, "चला आता. दिल्ली लांब आहे."